श्रावणभाऊंचं रान आणि माझा अहवाल

श्रावणभाऊ गेल्याचं त्यांच्या मुलाने, मोरेश्वरने फोनवर सांगितलं. साठ वर्षांची ओळख... आणि मनात आलं, आता खरं सांगायला उशीर झाला.

पन्नासच्या दशकात मालगुजारांची जमीनदारी गेली, समुद्रपूरकडच्या त्यांच्या गावचं कुरण सरकारजमा झालं आणि मी तिथे नाकेदार, म्हणजे जंगलाचा राखणदार म्हणून आलो. कुरणाला लागून श्रावणभाऊंचं खासगी रान, मधे फक्त एक धुरा, मातीचा बांध. दोन-तीन वर्षांत त्यांच्याकडे कमरेएवढं गवत, आमच्याकडे नुसते खडे.

"काय नाकेदार, सरकारचं गवत रुसलं काय?"

तुम्ही करता तरी काय, मी विचारलं.

"काईच नाई. बी झडेपर्यंत विळा लावत नाई. तुम्ही हिरवंच कापू देता, मंग जमिनीले काय ठेवता?"

धुऱ्याकडची पट्टी तर ते कापतच नसत. बी वाऱ्याने आमच्याकडे जावं म्हणून. एवढा दिलदारपणा कशासाठी? "तुमचं उजाड झालं का गावची ढोरं माह्याच रानात घुसतीन ना!" आणि खो खो हसले.

मग रेंजर साहेब पाहणीला आले. दोन्ही बाजू पाहून म्हणाले, "एवढा फरक का?" हिरवी कापणी माझ्याच परवानगीने झालेली. नोकरी नवी होती. मी अहवालात लिहिलं, शेजारच्या शेतकऱ्याची गुरं चोरून कुरणात चरतात.

त्यांचा सरकारी जंगलातल्या चराईचा परवाना बंद झाला. गावात ते गवतचोर ठरले. स्वतःच्या रानात बी झडण्याआधी गुरं सोडली असती तर निभलं असतं. त्याऐवजी त्यांनी दोन गाई विकल्या. मला एवढंच विचारलं, "तुमच्या डोळ्यानं पाह्यली काय माही गाय तिथं?" मी नाही म्हणालो... अहवाल मात्र बदलला नाही. पुढे त्यांच्याच पद्धतीने कुरण राखलं आणि शाबासकी मी घेतली. गाई विकून रान का राखलं, हे विचारायचं धाडस कधीच झालं नाही.

गेल्या आठवड्यात सगळं कागदावर लिहून त्यांच्या घरी गेलो. मोरेश्वरने ते ओसरीवर मोठ्याने वाचलं. त्याची आई भिंतीला टेकून ऐकत होती.

"तवाच सांगाले काय झालतं?" ती म्हणाली.

मग तिने कागदाकडे बोट दाखवलं.

"गायीइचे नावं नाई लिहले?"

मोरेश्वरने पेन दिलं. ती सांगत गेली, मी लिहिलं... चंद्री. मग हरणी.