मागून येतेय

वायरमन कुठेही निघाला तरी आधी तो पोचायचा आणि बऱ्याच वेळाने त्याची बायको. डोंगरावरच्या त्या गावाच्या हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की तो एकटा दारात उभा राहिला तरी लोक दोघांचा चहा टाकायचे. चढ भारी होता, हे कबूल. पण थांबायला वायरमनला कुणी मनाई केली नव्हती. खांद्यावर तारेचं भेंडोळं टाकून एका खांबावरून दुसऱ्या खांबाकडे पळायची सवय, त्यामुळे त्याचे पाय आवरायचेच नाहीत. ती आपली वळणावरच्या बाकावर टेकायची आणि धाप कमी झाली की उठायची. "हे पुढे जाऊन दिवे लावतात," असं हसून सांगायची. लोकांना वाटायचं, नवऱ्याचं कौतुक चाललंय. होतंही थोडं. टोमणाही होता, पण तो वायरमनपर्यंत कधी पोचला नाही, कारण तो तेव्हा पुढच्या वळणावर असायचा.

मग त्याला बढती मिळाली, खाली सपाटीवरच्या शहरात. बायकोला विचारावं असं त्याच्या डोक्यातही आलं नाही. बढतीला कुणी नको म्हणतं का? तीही नको म्हणाली नाही. फक्त ताईच्या दारातून तिचा पाय निघेना. ताई म्हणजे शेजारीण, वयाने बरीच मोठी, एकटी राहणारी. लोकरीचे स्वेटर विणून दुकानाला द्यायची. दोघी एकाच खिडकीत बसून विणायच्या. पाठपोट ताईचं, बाह्या हिच्या. ताई तिला धाकटी म्हणायची.

शहरात गेल्यावर दर रविवारी दोघींचा फोन व्हायचा आणि दर उन्हाळ्यात घरात एकच विषय निघायचा. "एकदा वर जाऊन येऊ या का?"

"पुढच्या वर्षी नक्की," वायरमन म्हणायचा. पुढच्या वर्षी कधी घराचं छत गळायला लागायचं, कधी मुलाचं लग्न निघायचं, आणि कधी काहीच नसायचं, नुसता कंटाळा असायचा. तिने कधी हट्ट धरला नाही. धरायला हवा होता, असं वायरमनला आता वाटतं. म्हणजे दोष पुन्हा तिच्याच माथी!

या हिवाळ्यात ती गेली. सकाळी छातीत दुखतंय म्हणाली आणि संध्याकाळी नव्हती.

रविवारी तिचा फोन वाजला. पडद्यावर 'ताई'. त्याने तो वाजू दिला. पुढच्या रविवारीही वाजू दिला. मग बंद करून कपाटात टाकला आणि असलं काही फोनवर सांगायचं नसतं, समोर जाऊन सांगायचं असतं, अशी स्वतःची समजूत घालून घेतली. खरं तर त्याची छाती होत नव्हती. "बाबा, मी कळवू का त्यांना?" असं मुलाने विचारलं, तर त्याच्यावरच खेकसला. ऊन तापायला लागलं तशी मुकाट्याने पिशवी भरली आणि गाडीत बसला.

स्टँडवर उतरल्याबरोबर त्याची नजर वर गेली. खांब नवे होते, तारा मात्र ढिल्या सोडल्या होत्या. तो मनातल्या मनात कुणाला तरी शिव्या घालत होता, तोच दुकानदाराने हाक मारली.

"वायरमन! अहो किती वर्षांनी! आणि वहिनी कुठायत?"

त्याने तोंड उघडलं. पण दुकानदाराला कुठला दम? "मागे राहिल्या असतील! तुमची सवय काही जायची नाही."

तो हसला. वायरमनही हसला आणि "हो" म्हणाला. तो हो वायरमनच्या आधी चढ चढून गेला.

गुडघ्यांनी आता सूड उगवायला घेतला होता. तरी वळणावरच्या बाकाकडे न बघता तो पुढे गेला. ताईचं दार सताड उघडं होतं. खिडकीत दोन खुर्च्या मांडल्या होत्या, एकीवर उशी.

"या. दुकानदाराचा फोन आला मघाशी," ताई म्हणाली. केस पार पांढरे झाले होते, आवाज तोच. "धाकटी बसली असेल बाकावर. येऊ दे सावकाश. आणि तिचा फोन का लागत नाही हो? आज मी भांडणारच आहे तिच्याशी."

"बिघडलाय," वायरमन म्हणाला.

ताईने तीन कप भरले. तिसऱ्यावर बशी झाकली. मग कपाटातून निळ्या लोकरीचं पाठपोट काढून उशीवर ठेवलं. "बाह्या तिच्यासाठी ठेवल्यात. माझ्या बोटांना आता जमत नाही."

वायरमनने कप खाली ठेवला. सगळी वाक्यं गाडीत पाठ केली होती, त्यातलं एकही सापडेना. बशीखालून वाफ यायची थांबली, तसा तो उठला.

"मी जरा बघून येतो तिला."

ताईने काठी जवळ ओढली.

तो उतरला आणि बाकावर जाऊन बसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. तिथून चढावरचा प्रत्येक खांब दिसत होता. म्हणजे तो वर चढलेला असायचा तेव्हा ती इथून त्याला बघत असणार. त्याने एकदा तरी खाली बघून हात हलवला होता का? नाही. दोन मिनिटं तिच्याशेजारी टेकलो असतो तर कुठला दिवा विझणार होता? एका उन्हाळ्यात घेऊन आलो असतो तर? त्याला हुंदका आवरेना. त्याने तोंडावर हात दाबून धरला.

काठी टेकत ताई खाली आली. त्याच्या शेजारी बसली. तिच्या मांडीवर ते निळं पाठपोट होतं.

"ताई, ती..."

"नका सांगू. कळलं मला."

"कसं?"

ताईने लोकरीवरून हात फिरवला. "मला वाटलं होतं, फोनच बिघडला असेल. शेवटपर्यंत तसंच धरून बसले होते. पण इतकी वर्षं तिला आणायला तुम्ही एकदा तरी खाली उतरलात का, वायरमन? आज उतरलात."

ताई उठली आणि काठी टेकत चढायला लागली. प्रत्येक खांबापाशी ती थांबत होती. वायरमन तिच्या मागे होता, तोही थांबत होता.