मधेच उठायचं नाही

परभणीच्या एका कॉलेजात मी तेव्हा वर्षाच्या बोलीवर कॉम्प्युटर शिकवत होते. पोरांनी लिहिलेल्या ओळी एकेक करून वाचणारा आणि चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे इंटरप्रिटर, मी स्वतः लिहिला होता. तपासणी समिती येणार होती. तिच्यासमोर तो नीट चालला तरच मला पुढचं वर्ष मिळणार होतं.

आमच्या विभागप्रमुख सरांना दम म्हणून नव्हता. गणित लांबलं की ते कंट्रोल आणि सी या कळा बाजारात सायकलची घंटी वाजवावी तशा दाबायचे. त्या दाबल्या की ऑपरेटिंग सिस्टिम चालू प्रोग्रॅमला 'थांब' असा सिग्नल देते. माझा इंटरप्रिटर नको तितका आज्ञाधारक. हातातलं टाकून फाइल बंद करायला, मेमरी मोकळी करायला तिथल्या तिथं धावायचा. नेमका तेव्हा तो मेमरीचीच मांडामांड करत असला की सगळा विचका.

"मॅडम, तुमचं हे लय नाजूक हाय बरं का," सर म्हणायचे. माझं डोकं फिरायचं.

उपाय घरात सापडला. बाबा देवापुढं रुद्र म्हणत होते आणि दूधवाली दारात ओरडली, "ओ काका, दूध घेता का जाऊ? लय खोळंबा व्हायलाय!" बाबांनी नुसतं "हूं!" केलं आणि आवर्तन संपवूनच उठले. पूर्वी एकदा ते मधेच उठले होते. परत बसल्यावर कुठवर आलो ते आठवेना, म्हणून पहिल्यापासून सुरुवात, आणि आम्ही सगळे उपाशी. तेव्हापासून त्यांचा नियमच झाला.

मी तेच केलं. सिग्नल आला की फक्त एक खूण उभी करायची, बाकी कशाला हात लावायचा नाही. हातातली ओळ पुरी झाली की इंटरप्रिटरनं खूण पाहायची आणि मग निवांत आवरायचं. खूण एकच, त्यामुळं कितीदाही दाबा, ती एकदाच उभी राहणार.

समिती आली. सरांनी नेमकं सगळ्यात लांबलचक गणित लावलं आणि कळा दाबल्या. काहीच नाही. पुन्हा दाबल्या, पुन्हा पुन्हा दाबल्या. शेवटी गणिताची हातातली ओळ संपली आणि पडद्यावर इंग्रजीत उमटलं, 'थांबलो. फाइल शाबूत.'

"वा! कुणी केलं हे?" समितीच्या अध्यक्षांनी विचारलं.

"आमीच," सर म्हणाले.

"सर, मग इतक्यांदा दाबूनही ते मधेच न थांबता ओळ संपल्यावरच का थांबलं, तेही सांगा ना," मी अगदी गोड आवाजात म्हटलं.

सर खोकले, आणि त्यांनी मुकाट्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. त्या बोटावर मला पुढचं वर्ष मिळालं.