सगळं वाढून होईपर्यंत

माझी मुलगी भंडारदऱ्याच्या एका मोठ्या हॉटेलात इटालियन स्वयंपाक करते. एवढं सरळ वाक्य लिहायला मला तीन वर्षं लागली. तिने नोकरी धरली तेव्हा मी म्हणालो होतो, शेवटी दुसऱ्यांच्या चुलीच फुंकायच्या होत्या तर कॉलेजात घातलं कशाला? जिभेला हाड नसतं म्हणतात, ते माझ्यासारख्यांना बघूनच. तेव्हापासून ती आईशी तासभर बोलायची आणि माझ्याशी दोन शब्द. मी तिच्या हॉटेलाची पायरी चढलो नव्हतो आणि तिने कधी बोलावलंही नव्हतं.

यंदा बोलावलं. हॉटेलातला नवा बेत तिने स्वतः ठरवला होता, नऊ पदार्थांचा, आणि घरच्या एका माणसाला जेवायला बोलवायची मुभा होती. आईला म्हणाली, अण्णांना पाठव. बायकोने मला एसटीत बसवताना बजावलं, की तोंड सांभाळा आणि ताट रिकामं करा. मला तरी दुसरं काय हवं होतं? तिच्या हातचं पोटभर खायचं आणि झकास झालंय असं एकदा तिला समोरासमोर सांगायचं, एवढ्यासाठी मी घोडेगावाहून तीन एसट्या बदलत गेलो.

दुपारी एकला मला धरणाकडे तोंड करून एका लहानशा टेबलावर बसवलं. वेटर पन्नाशीचा, मिशीवाला, अदबीचा. त्याने पहिली ताटली ठेवली. टोमॅटोच्या तीन चकत्या, वर पांढरं चीज आणि दोन पानं. मी हात मांडीवर ठेवून बसलो.

आता आमच्याकडची रीत सांगतो. पंगतीत आधी मीठ-लिंबू येतं, मग चटणी-कोशिंबीर, मग भाजी. भातावर वरण पडून कुणीतरी 'करा सुरुवात' म्हणेपर्यंत कोणी ताटाला हात लावत नाही. लावला तर हावरट ठरतो. गावच्या लग्नांत उभा राहून मी जन्मभर वाढप्यांवर ओरडलोय आणि घाई करणाऱ्या भल्याभल्या पाहुण्यांना गप्प बसवलंय. तेव्हा ती ताटली म्हणजे कोशिंबीर, जेवण अजून यायचंय, हे मी ठरवूनच टाकलं.

थोड्या वेळाने वेटरने विचारलं, आवडलं नाही का? मी म्हणालो, 'येऊ द्या, येऊ द्या.' त्याने ताटली उचलली. टेबल लहान आहे, जागा करतोय बिचारा, असं मला वाटलं. मग सूप आलं, निवलं, गेलं. मग भाजलेल्या वांग्याचं काहीतरी. मी आपला देवळातल्या नंदीसारखा बसून. मध्ये एकदा आतून निरोप आला, मॅडम, म्हणजे आमचीच पोर, विचारताहेत, तब्येत बरी आहे ना? मी म्हणालो, ठणठणीत!

सातव्या ताटलीत शेंगोळे होते. वेटर त्यांना कसलंसं इटालियन नाव सांगत होता, पण हुलग्याचं पीठ मला ओळखू येत नाही होय? हाताने वळलेले, लसणाच्या पातळ रश्शात. लहानपणी ती आईच्या शेजारी बसून ते वळायची आणि मी थंडीत दोन-दोन वाट्या ओरपायचो. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. डोळ्यांनाही सुटलं, आता लपवायचं कशाला. तरी हात आवरला. म्हटलं, चार लोकांत पोरीचा बाप अधाशी दिसायला नको. तीही ताटली गेली.

आठवी जाता जाता शेजारच्या टेबलावर एक जोडपं येऊन बसलं. ताटली आली की ते खायचे, संपली की दुसरी यायची. म्हणजे इथे ताटली येईल तशी खायची असते! वेटरला बोलावून म्हणालो, त्या ताटल्या परत आणा, सगळ्या. तो मान खाली घालून म्हणाला की आत गेलेलं अन्न परत आणता येत नाही. न खाल्लेली ताटली आधी मॅडमना दाखवायची आणि मग टाकून द्यायची, अशी इथली पद्धत. आठही दाखवल्या होत्या. मी उठून आत निघालो, तर त्याने हात जोडले. पाहुण्यांना आत सोडत नाहीत म्हणे.

शेवटचं गोड आलं. ते मी चमच्याने खरवडून खाल्लं. चव काय होती, देवाला ठाऊक.

मग ती बाहेर आली. पांढरा कोट, डोक्याला फडकं. मी घाईघाईने सगळं सांगितलं. सगळं वाढून व्हायची वाट बघत होतो गं, म्हणालो. पंगतीची रीत तिला मी वेगळी काय सांगणार, ती माझ्याच घरात वाढलेली. मला वाटलं, आता हसेल.

"शेंगोळे ओळखले?" तिने विचारलं.

"ओळखले की."

"ओळखले, आणि तरी परत पाठवले?"

ती म्हणाली, एसटी चुकेल, निघा आता. आणि आत गेली.

अजून ती फोन करते. गुडघा कसा आहे विचारते, गोळ्या घेतल्या का विचारते. जेवलात का, एवढं मात्र विचारत नाही.