अक्काच्या विहिरीतलं अस्वल

त्या रविवारी मला कुठेच जायचं नव्हतं. आठवडाभर गुरांचं लसीकरण चाललं होतं, दंड भरून आले होते. पिंप्राळ्याच्या घरी दारं लावून झोपायचं, एवढंच मनात होतं. तेवढ्यात फोन आला. चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी एका शेतातल्या विहिरीत अस्वल पडलं होतं. वनखात्याचे वन्यप्राण्यांचे डॉक्टर दुसरीकडे अडकले होते. तुम्ही याल का, असं वनखात्याच्या साहेबांनी विचारलं.

मी जनावरांची सरकारी डॉक्टर. गाई, म्हशी आणि बकऱ्या यांच्यातच नोकरी सरत आलेली. अस्वल मी कॉलेजात पुस्तकातून शिकले, तेवढंच. पण नाही म्हणायलाही अंगात थोडी ताकद लागते. मी गाडीत जाऊन बसले.

पोचले तेव्हा चैत्राचं ऊन तापलं होतं आणि विहिरीभोवती जत्रा भरली होती. विहिरीला कठडा नव्हता. मोहाच्या फुलांच्या दिवसांत अस्वलं डोंगरातून खाली येतात. पाण्यासाठी हे शेतात शिरलं असणार. मी वाकून पाहिलं. खाली दगडाच्या एका कपारीवर अस्वलीण बसली होती, अर्धी पाण्यात. तिच्या पाठीवरच्या लांब केसांत तोंडं खुपसून दोन पिल्लं चिकटली होती. ही जात आपली पिल्लं काही महिने अशीच पाठीवर वागवते. ती पडली तेव्हाही त्यांनी केस सोडले नव्हते.

वनरक्षकांनी लाकडी शिडी सोडली. अस्वलाला चढायला शिकवावं लागत नाही; बोटभर लांबीची ती वाकडी नखं वारुळं फोडतात आणि झाडावरही नेतात. तिने शिडीवर पंजा टेकवला, वर दोन पायऱ्या आली, आणि काठावरून एकच ओरडा झाला. मोबाइल उंचावले. ती सटकून पाण्यात गेली. दुपारपर्यंत हेच चाललं. प्रत्येक वेळी ती आधीपेक्षा उशिरा उठायची.

"मॅडम, इंजेक्शन मारा ना एकदाचं," एक जण म्हणाला.

"गुंगी आली की ती पाण्यात बुडेल. पिल्लंही बुडतील," मी म्हटलं. "तिला तुम्ही दिसत नाही फारसे. नजर कमीच असते तिची. पण वास येतो आणि आवाज येतो. तुम्ही गेलात की ती आपली आपण वर येईल."

कुणी हललं नाही. हेच वाक्य मी किती वेळा बोलले कोण जाणे. शेवटी घसा बसला आणि मी कडुनिंबाखाली जाऊन टेकले.

तिथे शेताची मालकीण बसली होती. सगळे तिला अक्का म्हणत. साठीची, अंगाने काटक, तोंडावर पदर ओढलेला. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"बाई, हाई मनी विहीरमा मरनी नही पाहिजे," ती अहिराणीत म्हणाली. "बठ्ठा मळा याच पाणीवर शे. सकाळपासून मोटर बंद शे."

तेवढ्यात गर्दीतला एक तरुण आमच्याकडे बोट दाखवून वनरक्षकाला म्हणाला, "या अक्काचं तोंड पाहा साहेब, अस्वलानेच फाडलं. आणि तुम्ही त्यांना वाचवता? मारून टाका!"

तो वळल्यावर अक्का हळू आवाजात मला सांगू लागली. लग्नानंतर काही वर्षांनी ती मोहाची फुलं वेचायला गेली होती. झुडपाआड अस्वलीण होती.

"तिना पाठवर बी पिल्लं व्हतात. माले दिसनात नही."

"राग येतो का अजून?"

"पहिले भलता ये. आते कंटाळा उना. कोणी बी पाहुणा उना का मनं तोंड दाखाडतस."

ती उठली. पदर मागे टाकून सरळ विहिरीकडे चालू लागली. एक डोळा बंद, गाल ओठापर्यंत ओढला गेलेला, नाकाची एक बाजू नाहीच. मोबाइल धरलेल्या त्या तरुणापुढे ती उभी राहिली.

"ल्या, काढा फोटू." मग दुसऱ्यापुढे गेली. "तू बी काढ. नीट निंघना का? आते घर जा. मनं शेत शे हाई."

फोन खाली आले. कुणी चपला शोधू लागलं, कुणी नुसतंच मान खाली घालून बांधाकडे वळलं. ती एकेकापुढे जात राहिली. बघता बघता विहीर मोकळी झाली. तिने पदर परत ओढला आणि आमच्या जीपमागे येऊन उभी राहिली.

ऊन कलल्यावर शिडी हलली. आधी नाक दिसलं, हवेत फिरणारं. मग काळं, निथळणारं अंग, आणि पाठीवर दोन्ही पिल्लं. ती काठावर आली तरी धावली नाही. पुढचे पाय फाकवून धापा टाकत उभी राहिली. नुकत्याच व्यायलेल्या म्हशी मी अशा उभ्या राहिलेल्या पाहिल्या आहेत. मग केळीच्या कडेने नाल्यात उतरली आणि डोंगराच्या दिशेने गेली.

वनरक्षकांनी हात मिळवले. मला आनंद वगैरे झाला असेल, पण जाणवलं ते एवढंच की मी जीपच्या टायरला टेकून खाली बसले होते.

अक्का तोवर मोटरच्या पेटीपाशी पोचली होती. पाइपातून आधी गढूळ पाणी आलं, त्यात काळ्या केसांचे पुंजके होते. ते वाहून गेले, पाणी निवळलं, तशी ती पाटात उतरून फावड्याने पाणी वळवून वाफ्यांना बारं द्यायला लागली. मी निघते म्हटल्यावर तिने मान वर केली.

"जेवन करी जा, बाई."

"नको अक्का, खूप थकलेय."

"मी बी," ती म्हणाली, आणि पुढचा वाफा फोडला.