दात कोणाचे ते विचारा

माझी भाची लहानपणापासून हट्टी. हट्टी म्हणजे कशी, तर दुसरीत असताना हिच्या बाईंनी फळ्यावर कोळ्याला सहा पाय काढले. ही उठली, खिडकीतला जिवंत कोळी डबीत धरून बाईंच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "मोजा." बाई खुर्चीवर चढल्या. घरी तक्रार आली तेव्हा माझ्या बहिणीने तिला बदडलं आणि मी आतल्या खोलीत जाऊन हसलो. आता ती स्वतःच बाई झाली आहे, सातवीला विज्ञान शिकवते, आणि तिचा हट्ट इंचभरही कमी झालेला नाही.

मी निसर्ग-संग्रहालयात नमुने सांभाळायचो. कवट्या, घरटी, पिसं, शिंपले पुसायचे, डांबराच्या गोळ्या घालून ठेवायचे आणि प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर नाव आणि क्रमांक. अक्षर माझं, आणि त्याचा मला भारी गर्व होता. शाळांसाठी आमच्याकडे लाकडी पेट्या होत्या. एकेका पेटीत पंधरा-वीस नमुने, वर काचेचं झाकण, झाकणाला स्क्रू. शाळेने पेटी दोन आठवडे न्यायची, मुलांना काचेतून दाखवायची आणि परत आणायची. झाकणावर सूचना होती, तीही माझ्याच अक्षरात: हात लावू नये.

भाची पहिल्यांदा पेटी न्यायला आली तेव्हाच म्हणाली, "मामा, काचेतून बघायचं तर पुस्तकातलं चित्र काय वाईट आहे? हे एवढं धूड उचलून न्यायचं कशाला?"

"नियम आहे," मी म्हटलं.

"स्क्रू पितळेचे आहेत. पटकन निघतील."

मी कानावर हात ठेवले. एका कानावर, कारण दुसऱ्या हाताने पेटीचं टोक धरलं होतं.

ती भावाकडे राहते. तिची भावजय, म्हणजे माझी भाचेसून, सगळ्या नातेवाइकांना सांगत सुटायची, "आमच्या ताईंच्या खोलीत केर काढायला गेलं की आधी विचारावं लागतं, हा कचरा आहे की धडा आहे?" ती कुरकुरायची खरी, पण गच्चीवर वाळत घातलेली हाडं मांजराने पळवली तेव्हा मांजरामागे धावली तीच.

भाचीच्या वर्गाची रीत अशी. मुलींना आणि मुलांना चौघाचौघांत बसवायचं, बाकावर वर्तमानपत्र पसरायचं, एकेका गटाला एक कवटी द्यायची आणि चिठ्ठी पालथी घालून चिकटपट्टीने बंद करायची. नाव सांगायचं नाही. डोळे पुढे आहेत की बाजूला, दात किती, कसे, हा प्राणी काय खात असेल, हे सगळं बघून लिहायचं आणि मग नाव ओळखायचं. चिठ्ठी सगळ्यात शेवटी उघडायची. वर्षभर तिने हेच केलं, आणि एकही नमुना फुटला नाही. हे मी मामा म्हणून सांगत नाही. परत आलेली प्रत्येक पेटी मीच तपासायचो.

मग एकदा घोटाळा झाला. एका गटातल्या चार मुलींनी कवटी उलटी करून पाहिली आणि लिहिलं: वरच्या पुढच्या दोन मोठ्या दातांच्या मागे आणखी दोन बारीक दात लपलेले आहेत, म्हणून हा ससा. चिठ्ठी उघडली तर त्यावर नाव होतं मोठी खार. शेजारच्या गटाकडे वर पुढे दोनच दात असलेली कवटी, आणि तिच्या चिठ्ठीवर ससा. दुसरी एखादी बाई म्हणाली असती, मुलींनो, चुकलात. ही म्हणाली, "दात खोटं बोलत नाहीत. चिठ्ठी चुकली."

चिठ्ठी चुकवली होती मी. अकरा वर्षांपूर्वी दोन्ही कवट्या एकाच घमेल्यात धुतल्या, दोरे सुटले, आणि बांधताना अदलाबदल झाली. एकाच घमेल्यात दोन नमुने कधी धुवायचे नसतात, हे आमच्या कामात पहिल्या दिवशी शिकवतात. त्या दिवशी मला घरी जायची घाई होती, एवढंच.

भाचीने संग्रहालयाला पत्र लिहिलं, मुलींचं निरीक्षण जोडलं, चित्र काढून जोडलं. आमच्या मोठ्या साहेबांनी कपाटापर्यंत जायचीही तसदी घेतली नाही. उत्तर लिहिलं ते असं: नोंदवहीप्रमाणे चिठ्ठ्या बरोबर आहेत, मात्र झाकण उघडल्याशिवाय मागचे दात दिसणं शक्य नाही, सबब नियमभंग झाल्याचं आपल्याच पत्रावरून सिद्ध होतं. निरीक्षण चुकीचं होतं आणि नमुने हाताळले, या दोन्हींबद्दल लेखी माफी मागावी, नाहीतर शाळेला पेट्या कायमच्या बंद. शाळेच्या मोठ्या बाई घाबरल्या. त्यांनी भाचीला सांगितलं, सही कर, नाहीतर पुढच्या वर्षी विज्ञान तुझ्याकडे राहणार नाही.

मी तिच्या घरी गेलो. ती वह्या तपासत होती.

"अक्षर माझं आहे," मी म्हटलं.

"माहीत आहे. तुमचा 'ख' लांबून ओळखू येतो."

"मग पत्रात लिहिलं का नाहीस?"

"मला दाताबद्दल लिहायचं होतं, मामा. तुमच्याबद्दल नाही."

"सही करून टाक गं. कागदाचा तुकडा तो."

हे ऐकून भावजय स्वयंपाकघरातून लाटणं घेऊनच बाहेर आली. "ताई, सही केलीत ना, तर तुमची हाडं मी स्वतः मांजराला घालीन. आणि मामा, तुम्ही चहा घेणार असाल तर गप्प बसा." मी गप्प बसलो. खरं सांगतो, चहासाठी नाही, भीतीने बसलो.

ठरल्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत टेबलावर पेटी ठेवली होती, झाकण काढलेली, शेजारी माफीचा कागद. एका बाजूला मोठे साहेब, दुसऱ्या बाजूला मोठ्या बाई, आणि पेटी परत उचलून न्यायला मी. साहेबांनी पेन पुढे केलं.

भाची म्हणाली, "झाकण उघडलं, हे लिहून देते. पुढच्या महिन्यातही उघडीन, तेही लिहून देते. पण त्या चार मुलींनी चूक बघितलं, हे मी लिहून देणार नाही. त्यांनी बरोबर बघितलं."

"चिठ्ठ्या तज्ज्ञ माणसांनी लिहिलेल्या असतात," साहेब म्हणाले. "हे अक्षर कोणाचं आहे हे तरी तुम्हाला माहीत आहे का?"

"अक्षर कोणाचं ते मला विचारू नका. दात कोणाचे ते विचारा."

ती मला झाकत होती आणि मी झाकून घेत होतो, याची मला आता किळस आली. "अक्षर माझं," मी म्हटलं. "चूकही माझी. धुताना अदलाबदल झाली."

साहेबांचा चेहरा लाल झाला. ते मला काहीतरी बोलणार, तेवढ्यात मोठ्या बाईंनी पेटीतून मोठ्या खारीची चिठ्ठी बांधलेली कवटी उचलली, उलटी केली आणि पुढच्या दातांच्या मागे करंगळी फिरवली.

"अगं बाई, आहेत की!"

"हात लावू नका!" साहेब ओरडले.

"आता लावला," मोठ्या बाई म्हणाल्या, आणि माफीचा कागद चार घड्या करून केराच्या टोपलीत टाकला. ही बाई इतकी निब्बर असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

साहेब माझ्याकडे वळले. "पेटी उचला. आत्ता."

"मुदत शनिवारपर्यंत आहे, साहेब. आज मंगळवार."

"मी सांगतोय, उचला!"

"नाही उचलत."

पेटी दोघांशिवाय हलत नाही. साहेबांनी एकट्याने एक कड उचलून पाहिली आणि खाली ठेवली. मग ते तरातरा निघून गेले. पुढचं इथेच सांगून टाकतो. शाळेचं नाव यादीतून गेलं ते आजतागायत परत आलेलं नाही. माझी बदली तळघरात दगडांच्या विभागात झाली, आणि तिथूनच मी निवृत्त झालो. भाचीकडे विज्ञान राहिलं. तिच्या वर्गात आता स्वतःच्या तीन पेट्या आहेत, मुलांनीच जमवलेल्या, आणि त्यांना झाकणच नाही.

पण त्या मंगळवारी साहेब गेल्यावर तिने माझा दंड धरला आणि मला थेट सातवीच्या वर्गात नेऊन उभं केलं. मी आयुष्यात कधी वर्गासमोर उभा राहिलेलो नव्हतो. ती म्हणाली, "चिठ्ठ्या ह्यांनी लिहिल्या. काय विचारायचं ते ह्यांनाच विचारा."

मी घमेल्याची गोष्ट सांगितली. कोणी हसलं नाही. त्या चौघींपैकी एक उभी राहिली आणि तिने विचारलं, "अकरा वर्षं ही पेटी किती शाळांत गेली?"

"साठएक तरी."

"आणि कोणीच उलटी करून बघितली नाही?"

नियम होता, असं सांगता आलं असतं. तो मीच झाकणावर सुंदर अक्षरात लिहिला होता.

"नाही," मी म्हटलं. "मीसुद्धा नाही. तुम्हीच पहिल्या."