चार बोटं वर धरलेली स्टिक

मूल या तालुक्याच्या गावापासून काही मैलांवरच्या एका खेड्यात मुलींचा हॉकी संघ आहे. त्याला मैदान नाही. धानाची कापणी झाली की एकमेकींना लागून असलेल्या काही बांध्या, म्हणजे आमच्याकडची धानाची छोटी शेतं, मधले बांध फोडून एक करतात. धसकटं मुली स्वतः कुदळीने काढतात, भेगांत माती भरतात आणि पावसाआधी बांध जसेच्या तसे घालून देतात. शेतमालकांची एवढीच अट असते. जिल्ह्याचा वार्ताहर म्हणून मी तिथे पहिल्यांदा गेलो, तेव्हा बातमी चौकटीत छापून आली. मथळ्यात ‘जिद्द’ हा शब्द होता. तो मी घातला नव्हता, पण काढायलाही सांगितलं नाही.

त्यांना शिकवणारा माणूस मूलमध्ये सायकली दुरुस्त करतो. तरुणपणी तो तालुक्याच्या संघातून खेळला. मुली त्याला चाचा म्हणतात. मोडलेल्या स्टिकवर तो सायकलची जुनी ट्यूब ताणून गुंडाळतो, आणि ती स्टिक आणखी एक हंगाम चालते.

बांधीत सरपटणारा चेंडू अगदी जवळ आल्यावर उसळतो. कुठून उसळेल ते सांगता येत नाही. म्हणून चाचाने मुलींना स्टिक जमिनीपासून चार बोटं वर धरायला शिकवलं. एका मुलीला हे इतकं साधलं होतं की कितीही जोरात आलेला चेंडू तिच्या स्टिकपाशी येऊन पडून राहायचा. सरकारी क्रीडा वसतिगृहाची निवड चाचणी तिला त्याच वर्षी देता येणार होती. पुढच्या वर्षी वय निघून जात होतं. निवड झाली तर शिक्षण, जेवण आणि हॉकी. नाही झाली तर दहावीनंतर धुणीभांडी आणि शेत. हॉकी संपली.

चाचणी शहरात होती, टर्फवर. मी सोबत गेलो. प्लास्टिकच्या धाग्यांचं ते हिरवं मैदान तिने तोवर फक्त मोबाइलवर पाहिलं होतं. खेळाआधी त्यावर पाण्याचे फवारे सुरू झाले.

“चाचा, इथी रोवणी हाये का?” तिने विचारलं. रोवणी म्हणजे धानाची लावणी, तेव्हा बांधीत असंच पाणी भरतात. चाचा हसला. त्या दिवशी तो पुन्हा हसला नाही.

तिला वीस मिनिटं मिळाली. पहिला चेंडू तिच्या स्टिकखालून निघून गेला. दुसराही गेला. टर्फवर चेंडू उसळत नाही, पाटावरून सरकावा तसा सरळ येतो. ती चार बोटांवर उसळीची वाट पाहत होती आणि उसळी येत नव्हती. कडेला उभ्या असलेल्या निवड समितीतल्या एकाने ओरडून विचारलं, स्टिक टेकव ना, खाली विंचू आहे का? बाकीचे हसले. पंधरा मिनिटं चेंडू जात राहिले. मग तिने स्टिक खाली आणली. शेवटचे तीन चेंडू तिने जागच्या जागी थांबवले. शिट्टी वाजली.

ती समितीच्या प्रमुखाकडे धावत गेली.

“सर, आणखी दहा मिनिटं द्या. समजलं मले.”

ते म्हणाले, हात चांगला आहे, पण टर्फची सवय नाही. सराव कर आणि पुढच्या वर्षी ये. चाचाने वय सांगितलं. आमच्याकडे बसने जाऊन रोज परत येता येईल असं एकही टर्फ नाही, हेही सांगितलं. तो आमचा विषय नाही, असं उत्तर आलं.

जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वी मोठ्या स्पर्धा गवतावरून टर्फवर गेल्या. खेळ वेगवान झाला, असं आम्ही लिहितो. मीही लिहिलं आहे. कोणाला विचारून बदलला, ते लिहीत नाही. गवत आणि माती गावोगाव होती. टर्फ घालावं लागतं, भिजवावं लागतं, झिजलं की पुन्हा घालावं लागतं. ज्यांना ते परवडलं त्यांनी नियम केले, आणि बांधीत वर्षानुवर्षं कमावलेलं एका मुलीचं कसब दुसऱ्या जमिनीवर पंधरा मिनिटांत चूक ठरलं. त्या मैदानावर तिला आधी एक सकाळ उभं राहू देण्याची तसदी कोणी घेतली नाही. याला परीक्षा म्हणणाऱ्यांचा मला आजही राग येतो.

चाचाने कारण लेखी मागितलं. प्रमुखांनी कंटाळून तिच्या अर्जावर खरडलं: टर्फवरील अनुभव नाही.

चाचाने ते दोनदा वाचलं. “साहेब, हे बराबर लिवलं,” तो म्हणाला. “आता अनुभव कोन देनार होता, तेबी खाली लिवा.”

प्रमुखांनी पेनाचं टोपण लावलं आणि पुढच्या मुलीचं नाव पुकारलं. मुलगी बाकावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होती. ते बूट मागून आणलेले होते. तिने रुमालाने त्यांचे तळ कोरडे केले, एकात एक घातले आणि पिशवीत ठेवले.