बर्फासाठी उंच केलेली गाडी

माझे वडील पहिल्यांदा सौदीला आले तेव्हा दम्मामच्या विमानतळावरून कानटोपी घालूनच बाहेर पडले. जानेवारी होता, पण आमच्या पूर्व किनाऱ्यावर जानेवारीतही साधा स्वेटर पुरतो. कशाला घातली म्हणून विचारलं तर म्हणाले, "तुमच्याकडे बर्फ पडतो ना."

नानांनी नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी जन्मभर भूगोल शिकवला. हिमरेषा, हिमनदी, हिमवर्षाव हे शब्द त्यांनी किती पोरांकडून घोटवून घेतले असतील, पण स्वतः बर्फ कधी पाहिला नव्हता. हिमालयाची सहल दरवर्षी ठरायची आणि दरवर्षी काहीतरी निघायचं. मग आई आजारी पडली, पुढे ती गेली, आणि सहलीचा विषय घरात निघेनासा झाला. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने त्यांना मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला होता. त्यात सौदीच्या वायव्येला, तबूककडच्या डोंगरावर बर्फ पडलेला आणि त्यात उंट उभे. नानांनी तो मला विमानतळाच्या पार्किंगमध्येच दाखवला. "वर्गातल्या नकाशात हा सगळा भाग मी पिवळा रंगवून घ्यायचो," ते म्हणाले. एवढंच. मला घेऊन चल असं काही ते म्हणाले नाहीत. त्यांचा तो स्वभावच नाही.

आम्ही रास तनुराजवळ राहतो. नवरा रिफायनरीत आहे आणि मी भारतीय शाळेत गणित शिकवते. आमच्याकडे एक जपानी वॅगन आहे, चारही चाकांना ताकद जाते अशी. एक सहकारी देश सोडून जाताना नवऱ्याला देऊन गेला होता. बायकांना इथे गाडी चालवायची मुभा मिळाल्यावर मी हिच्यावरच शिकले, चाळिशी उलटल्यावर. त्यामुळे नवरा म्हणाला की तबूकला जायचं तर मोठी जीप भाड्याने घेऊ, तेव्हा मी नको म्हटलं. हिचा ब्रेक कुठे लागतो, ती कुठे कुरकुरते, सगळं माझ्या पायाला माहीत होतं. अडचण एकच होती. गाडीचं पोट फार खाली होतं. समुद्राकाठच्या साध्या कच्च्या रस्त्यावरसुद्धा ते खरवडायचं.

दम्मामच्या सनाईयात, म्हणजे गॅरेजांच्या वस्तीत, रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका भाईंचं गॅरेज आहे. श्रीवर्धनकडचे. पंचवीसेक वर्षं इथे काढलेली. आमची गाडी तेच बघतात. मी नानांना घेऊन त्यांच्याकडे गेले आणि गाडी उंच करून हवी आहे म्हणून सांगितलं. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून खाली पाहिलं आणि कशासाठी ते विचारलं. मी बर्फाचं सांगितलं. त्यांनी नानांकडे पाहिलं आणि एक खुर्ची मागवली.

मग त्यांनी मला नीट समजावलं. ही गाडी मुळात रस्त्याची आहे, हिला जीपसारखा जड कामाचा वेगळा गिअर नाही. फार उंच केली तर चाकांकडे जाणारे दांडे तिरके पडतील, सांधे लवकर झिजतील आणि वर्षाच्या फहसला, म्हणजे तपासणीला, गाडी नापास होईल. "दोन इंच," ते म्हणाले. "त्याच्या वर मी करणार नाही, ताई. दुसरीकडे कोणी करून दिली तरी तुम्ही करू नका."

काम आठवडाभर चाललं. मी शाळा सुटली की नानांना घेऊन जायची. जुन्या स्प्रिंगा काढून थोड्या लांब आणि कडक स्प्रिंगा बसल्या, पुढच्या शॉकअॅब्सॉर्बरच्या डोक्यावर जाड चकत्या आल्या. इंजिनाच्या तळाला पोलादी पत्रा लागला. टायर आले ते खोल नक्षीचे, वाळूत, दगडांत आणि बर्फातही चालतील असे. गाडीचं नाक वर गेल्यामुळे दिव्यांचा झोत समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत जायला लागला असता, म्हणून दिवे खाली वळवून घेतले. चाकांची अलाइनमेंट भाईंनी पुन्हा पुन्हा तपासली. नाना खुर्चीत बसून हे सगळं पाहायचे आणि प्रश्न विचारायचे, वर्गात पोरांनी विचारावेत तसे. भाईही काम थांबवून उत्तरं द्यायचे. दुपारी भाईंच्या घरून डबा यायचा. नाना शाकाहारी आहेत असं कळल्यावर भाभींनी त्यांच्यासाठी मुद्दाम सांदणं पाठवली. आई गेल्यापासून नानांना कोणी इतकं आठवणीने काही खाऊ घातलं असेल असं मला वाटत नाही. ते शेवटचं सांदण पुरवून पुरवून खात होते.

गाडी तयार झाली. जमिनीपासून उंच, रुंद टायरांची, वेगळीच दिसायला लागली. मी दार उघडलं आणि नानांनी पाय उचलला. गुडघा तिथवर जाईना. ज्यांच्यासाठी गाडी उंच केली त्यांनाच तिच्यात चढता येईना. नाना आधी हसले, मग भाई, मग मी. भाईंनी त्याच संध्याकाळी दाराखाली लोखंडी पायरी जोडून दिली आणि वर खडबडीत रबर बसवलं, पाय घसरू नये म्हणून.

त्यानंतरच्या शुक्रवारी त्यांनी मला वाळूत नेलं. टायरमधली हवा कमी करायला शिकवली. वाळूत ब्रेक दाबायचा नाही, नुसता पाय काढून घ्यायचा. चढावर घाबरून थांबायचं नाही. मी थांबले, आणि गाडी रुतली. खोऱ्याने वाळू उपसताना मला घाम फुटला. भाई मदतीला आले नाहीत. बाजूला उभे राहून सांगत राहिले. तिसऱ्यांदा रुतले तेव्हा मात्र माझी मीच बाहेर निघाले. तेव्हा नानांनी लांबून टाळ्या वाजवल्या.

निघायच्या दोन दिवस आधी रिफायनरीतला शटडाऊन लांबला आणि नवऱ्याची रजा रद्द झाली. मी बेत मोडायला निघाले होते. नवऱ्याने भाईंना फोन करून सहज सांगितलं, तर भाई म्हणाले की एकट्या गाडीने तसंही जायचं नसतं, मी पिकअप घेऊन येतो. त्यांच्या बायकोनेही इतक्या वर्षांत समुद्र आणि वाळू सोडून इथलं काही पाहिलेलं नव्हतं. अशा दोन गाड्या निघाल्या. पुढे पिकअपमध्ये भाई आणि भाभी, मागे मी आणि नाना.

पहिला मुक्काम हफ्र अल बातिनला झाला. पुढे दिवसभर सपाट, तपकिरी, सरळ रस्ता. नाना काचेतून बघत राहायचे आणि मधेच मला सांगायचे की हे वाऱ्याने झिजलेलं पठार, ही पावसाळी नद्यांची कोरडी पात्रं. मी लहानपणी त्यांच्याच वर्गात होते, तेव्हा मला भूगोलाचा कंटाळा यायचा. आता स्टिअरिंगवर हात ठेवून ऐकताना वाटलं, आणखी थोडा लांब असता रस्ता तरी चाललं असतं.

तबूकला पोहोचलो तेव्हा बातमी अशी होती की डोंगरावर बर्फ पडला आहे. सकाळी गेलो. डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर पोलिसांनी आडवी गाडी लावली होती आणि मागे लांबच लांब रांग. आमचा नंबर आल्यावर तरुण पोलिसाने खिडकीशी वाकून अदबीने सांगितलं की वर घसरण आहे, आज रस्ता बंद. भाईंनी अरबीत विनवून पाहिलं. तो नानांकडे बघून हळहळला, पण खलास म्हणजे खलास. तिथून डोंगराच्या माथ्यावर एक पांढरी रेघ तेवढी दिसत होती. नाना खाली उतरून बराच वेळ ती पाहत उभे राहिले.

"दिसला की," परत बसताना ते म्हणाले. "चल."

मी गाडी वळवली. गाडी इतकी सजवली, इतक्या लांब आणली, आणि ती डांबरी रस्त्यावरूनच परत निघाली होती.

दुपारपासून पाऊस लागला. तो थांबला तेव्हा आम्ही डोंगराच्या पायथ्याच्या एका गावाजवळ होतो. कच्च्या रस्त्याच्या तोंडाशी एक माणूस रस्त्यावर येऊन हात करत होता. त्याची लहान गाडी आत एका खळग्यातल्या चिखलात दारापर्यंत बसली होती. गाडीत त्याची म्हातारी आई, बायको आणि दोन मुली. भावाला फोन केला होता, पण त्याला तबूकहून यायला वेळ लागणार होता, आणि थंडी वाढत चालली होती. घर खळग्याच्या पलीकडे, दिसत होतं इतक्यावर.

भाईंनी चपला काढल्या, पँट दुमडली आणि काठीने चिखल तपासत खळग्याच्या कडेकडेने पलीकडे जाऊन आले. "माझी पिकअप जाणार नाही ताई, मागून हलकी आहे, नुसती घसरेल," ते म्हणाले. "तुमची जाईल. डावीकडून घ्या. पाय एकसारखा ठेवा आणि मधे थांबू नका."

नाना आपणहून उतरले. म्हातारीला त्यांनी आपली पुढची जागा दिली. ती लोखंडी पायरीवर पाय ठेवून, नानांच्या हाताचा आधार घेऊन वर आली. एरवी परक्या पुरुषाचा हात तिने धरला नसता. बाकीच्या तिघी मागे बसल्या. मी गाडी चिखलात घातली. स्टिअरिंग हातात ढिलं वाटायला लागलं, मागची बाजू एकदा सरकली, तळाच्या पत्र्यावर एक दगड दणकन आपटला. मी पाय हलू दिला नाही. चारही चाकं जिथे जमेल तिथे पकडत होती, सोडत होती, पुन्हा पकडत होती, आणि मग एकदम जमीन कडक लागली. म्हातारीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि काहीतरी पुटपुटली. शब्द कळले नाहीत.

थंडीत ताटकळायला नको म्हणून परत येऊन मी नानांना आणि भाभींनाही पलीकडे नेलं. भाईंनी कडक जमिनीवर पिकअप उभी केली आणि पट्ट्याने ओढून ती लहान गाडी मागे काढली. तिचा मालक चिखलाने माखला होता. त्याने भाईंना मिठी मारली आणि सांगून टाकलं की आज तुम्ही कुठेही जाणार नाही.

आम्ही राहिलो. पिकअप आणि ती लहान गाडी अलीकडेच ठेवली आणि मी त्या दोघांनाही पलीकडे आणलं. भाभी आणि मी आतल्या खोलीत बायकांबरोबर, भाई आणि नाना पुरुषांच्या बैठकीत शेकोटीपाशी. नानांना अरबी येत नव्हतं. पण भिंतीतून मला त्यांचा आवाज ऐकू येत होता, मधे भाईंचा दुभाष्याचा, आणि मग सगळ्यांचं हसणं. भाईंनी नंतर सांगितलं, नाना विचारत होते की इथे वारा कुठल्या दिशेने येतो आणि विहिरीला पाणी किती खोल लागतं. घरमालक खुशीत येऊन सांगत होता. त्याच्या विहिरीबद्दल इतक्या आस्थेने कधी कोणी विचारलं नव्हतं.

सकाळी मला त्या घरातल्या धाकट्या मुलीने हाताला धरून उठवलं आणि दाराकडे ओढलं. बाहेर अंगण पांढरं होतं. भिंत, पाण्याची टाकी, बाभळीसारखी काटेरी झाडं, आमची गाडी, सगळं पांढरं, आणि बर्फ अजून पडतच होता. आवाज अजिबात नव्हता. नाना आधीच अंगणाच्या मधोमध उभे होते. त्यांनी दोन्ही तळवे पुढे धरले होते आणि त्यांवर पडणारा बर्फ वितळताना ते पाहत होते. मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले.

"आवाज नसतो," ते म्हणाले. "हे मी कोणाला शिकवलंच नाही. मला माहीतच नव्हतं."

मग ते रडले. थोडंसंच. माझ्या देखत ते आई गेली तेव्हाही रडले नव्हते. मी त्यांचा दंड धरून ठेवला. भाभी दारात उभ्या राहून मोबाइलवर काहीतरी काढत होत्या, त्यांनी तो खाली घेतला आणि तोंड फिरवलं.

म्हातारीने आतून एक वाडगा मागवला. भिंतीवरचा स्वच्छ बर्फ त्यात भरला, वर खजुराचा काळा, दाट पाक ओतला आणि चमचा घालून नानांपुढे धरला. नानांनी एक घास घेतला आणि भाईंकडे वळून म्हणाले, "अहो, हा तर गोळा आहे. जत्रेतला." भाईंनी हसत हसत ते अरबीत सांगितलं. मग वाडगा सगळ्यांच्या हातून फिरला. भाभींचे दात शिवशिवले. मी उरलेला पाक चाटून खाल्ला.

दुपारपर्यंत बर्फ विरून गेला. आम्ही निघालो तेव्हा त्यांनी गाडीत खजूर आणि तुपाचा डबा ठेवला, आणि आम्ही नको म्हणालो ते कोणी ऐकलं नाही. परतीच्या वाटेवर नाना बराच वेळ झोपले. मी सांभाळून चालवत होते. पुढे पिकअपचे दिवे दिसत होते, आणि मला राहून राहून वाटत होतं की माझ्या आयुष्यात माणसं किती चांगली आली. सनाईयात जाऊन फक्त एक गाडी उंच करून घ्यायची होती मला. एका माणसाने आपलं काम बंद ठेवून सोबत यावं, एका घराने अंगण उघडून द्यावं, यातलं मी काही मागितलं नव्हतं.

घरी आल्यावर नवऱ्याने सगळं माझ्याकडून ऐकायला नकार दिला. नानाच सांगतील, तो म्हणाला. नानांनी जेवण होईपर्यंत सांगितलं आणि नंतरही सांगतच राहिले. गाडी त्या वर्षी तपासणीत पास झाली. तळाच्या पत्र्याला एक पोचा आहे. भाई तो ठोकून काढायला निघाले होते, मी काढू दिला नाही.

नाना आता नाशिकला माझ्या भावाकडे असतात. तबूकचं ते कुटुंब ईदला आणि थंडी पडली की त्यांना आवाजी निरोप पाठवतं. नाना त्यांना मराठीत उत्तर देतात, पाऊसपाणी विचारतात, विहिरीची चौकशी करतात. तिकडे कोणाला काय कळतं देव जाणे, पण म्हाताऱ्या बाईंचं उत्तर दरवेळी येतं, आणि चांगलं लांबलचक येतं.